ओव्हाळकाका आणि ड्रायसूटचं कापड

ओव्हाळकाकांच्या शर्टाची वरची दोन बटणं कधी लावलेली नसत. मी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मनात म्हटलं, साठीला टेकलेला माणूस, पण कॉलेजातली मिजास काही गेलेली नाही. मला ऑफिसात लागून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. ऑफिस म्हणजे शिळफाट्यावरच्या एका टायरच्या दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. धंदा पाण्याखालच्या कामांचा. धरणाचे दरवाजे तपासायचे, कारखान्यांच्या विहिरीतल्या जाळ्या साफ करायच्या, पाइपलाइन कुठे फुटली ते नदीत उतरून शोधायचं. मालक पाटकरसाहेब स्वतः इंजिनिअर. मी खरेदी आणि पत्रव्यवहार बघायचे. पाणबुडे चार-पाच होते, त्यांतले सगळ्यांत जुने ओव्हाळकाका.

ते जिना चढून आले, दारात उभं राहून आधी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "बसायला काय हाय?" मी खुर्ची पुढे केली. बसले. डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "बाय, आधी चा सांग. बोलनं मागून."

काही माणसं उंच असतात, काही गोरी असतात, तसे ओव्हाळकाका दमलेले होते. तक्रार नाही, कण्हणं नाही. दमणं हा त्यांच्या अंगाचाच एक भाग होता. कुठेही गेले की आधी बसायची जागा शोधायचे. धरणाच्या भिंतीवर, जीपच्या फळीवर, कारखान्याच्या गेटवर वॉचमनच्या स्टुलावर. बसले की दोन मिनिटांत त्यांची मान छातीवर यायची. आणि तरी उतरायची वेळ झाली की सगळ्यांच्या आधी तेच तयार असत. मी एकदा म्हटलं, "काका, दमलायत, आज प्रकाशला उतरू द्या ना." त्यावर त्यांनी मान हलवली. "मानूस दमला म्हनून काय पानी थांबतं? पानी दमत नाय गं."

बटणांचं मला पुढे कळलं, शोभाकाकूंकडून. शोभाकाकू म्हणजे त्यांची बायको. लोधिवलीला त्यांच्या घरी मी कसली तरी सही घ्यायला गेले होते. काका कुणाच्या तरी लग्नाला निघाले होते आणि काकू त्यांच्यासमोर उभ्या राहून त्यांच्या गळ्याजवळची बटणं लावत होत्या. मी जरा संकोचून बाहेर बघू लागले, तर काकूच हसल्या. "बोटांच्या टोकांना काय कळत नाय त्यांच्या. खालची बटनं डोळ्यांनी बघून लावतात. वरची दिसत नायत ना."

परदेशातल्या कुठल्याशा उत्तरेकडच्या समुद्रात तेलविहिरींच्या फलाटांवर त्यांनी बरीच वर्षं काढली होती. तिथल्या थंडीनं बोटांची टोकं कायमची बधिर झाली. म्हणून त्यांना एक सवय लागली होती. कापड, दोरी, रबर, काहीही बोटांनी चाचपून कळायचं नाही, ते गालाला लावून बघायचे. काकू सांगत, "कर्जतला साडी घ्यायला गेलो, तर दुकानदारानं घडी उलगडली नाय तोवर ह्यांनी पदर उचलून गालाला! दुकानदार माझ्याकडं बघतोय, मी छताकडं बघतेय." काका तेव्हा नुसते म्हणाले होते, "टोचतं हाय. दुसरी दाखवा."

लोधिवलीतल्या बौद्धवाड्यात त्यांचं घर होतं. आधी कौलारू होतं, मग त्यांनी परदेशच्या कमाईतून स्लॅब टाकला. ओट्यावर एक लाकडी आरामखुर्ची होती, तिच्यावर दुसरं कोणी बसत नसे. पावसाळ्यात धबधब्यांवर, धरणांवर मुंबई-पुण्याची पोरं बुडाली की पोलिसांची जीप त्या ओट्यासमोर येऊन उभी राहायची. काका खुर्चीतून उठायचे, चपला घालायचे आणि जायचे. त्या कामाबद्दल ते कधीच बोलत नसत. परत आले की अंगणातल्या नळाखाली स्वतःचा सूट स्वतः धुवायचे. काकूंना हात लावू द्यायचे नाहीत.

आणि मग आमच्याकडे ते डोंगरातलं काम आलं.

वर उत्तरेला, हिमालयात एक जलविद्युत धरण होतं. पाणी बोगद्यात शिरतं तिथं तोंडाशी लोखंडी जाळी असते, म्हणजे ओंडके, गाळ आत जाऊ नये. तिच्या काही सळ्या तुटल्या होत्या, त्या कापून नव्या बसवायच्या होत्या. आमच्यासाठी इतकं मोठं काम पहिलंच. पाटकरसाहेब खूश होते. अडचण एकच, पाणी बर्फ वितळून आलेलं. आपल्या मोरब्याच्या नाहीतर भिलवल्याच्या धरणात डिसेंबरातसुद्धा साधा वेटसूट चालतो. त्यात थोडं पाणी शिरतं, अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि काम भागतं. वरच्या त्या पाण्यात तसं उतरलं तर माणूस काही मिनिटांत हातपाय हलवायचा बंद होईल. तिथं ड्रायसूट लागतो. गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबरी कफ, बाकी पायमोज्यांपर्यंत सगळं अखंड, आत पाण्याचा थेंब जाता कामा नये, आणि आतून लोकरीसारखे गरम कपडे.

आमच्यात असा सूट घालून काम केलेला माणूस एकच. पाटकरसाहेबांनी काकांना बोलावलं आणि म्हणाले, "कुठल्या कापडाचे घ्यायचे ते तुम्ही ठरवा, काका. उतरणार प्रकाश. तुम्ही वर राहून त्याच्या हेल्मेटमधल्या फोनवर त्याच्याशी बोलायचं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं."

प्रकाश ठाकुरवाडीचा. घाटातल्या त्याच नावाच्या स्टेशनाजवळच्या वस्तीत लहानाचा मोठा झालेला, तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप. मासा म्हणावा इतका पाण्यातला. काकांनीच त्याला शिकवलं होतं.

मी वेगवेगळ्या कंपन्यांकडून कापडाचे नमुने मागवले. पाटी-पुस्तकाएवढे तुकडे आले. मुख्य प्रकार दोन. एक निओप्रीन, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेलं जाड रबर. ते स्वतःच ऊबदार असतं. दुसरं तीन पदरी कापड, बाहेर नायलॉन, आत नायलॉन आणि मध्ये रबराचा पातळ पडदा. ते रेनकोटासारखं हलकं, पण त्याला स्वतःची ऊब नाही. सगळी ऊब आतल्या कपड्यांची.

मला वाटलं, तास-दोन तासांचं काम. काका बघतील, गालाला लावतील, सांगतील. काकांनी तुकडे पिशवीत घातले आणि घरी नेले. आठवडा गेला, दुसरा गेला. पाटकरसाहेब मला विचारायचे, मी काकांना फोन करायचे आणि काका म्हणायचे, "बघतोय."

शेवटी एका रविवारी मीच लोधिवलीला गेले. अंगणात प्लास्टिकचं मोठं घमेलं, त्यात बर्फ आणि पाणी. काका शेजारी पाटावर बसलेले, उजव्या हाताला कोपरापर्यंत निओप्रीनचा तुकडा गुंडाळून वर सायकलची ट्यूब करकचून बांधलेली आणि तो हात घमेल्यात. बर्फ शिळफाट्यावरच्या मच्छीवाल्याकडून आणला होता. शोभाकाकू आतून ओरडल्या, "घरात मच्छी नाय आनि बर्फ हाय! शेजारीन इचारून गेली, कोन पावनं यायचं हाय म्हनून."

"बोटांना कळत नाय, पन कोपराला कळतं," काका मला म्हणाले. "कुकरच्या शिट्ट्या मोजतोय. हिची डाळ होईस्तवर कुठलं कापड किती टिकतं ते बघायचं."

दोरीवर दोन्ही कापडांचे ओले तुकडे वाळत घातले होते. तीन पदरी कापड माझा चहा संपेपर्यंत कोरडं झालं. निओप्रीनमधून टपटप पाणी गळतच होतं. "काल सकाळी घातलंय," काका म्हणाले. अंगणाच्या कोपऱ्यात एक तुटका लोखंडी गज ठेवलेला, त्याच्या टोकावर त्यांनी दोन्ही कापडं घासून बघितली होती. तीन पदरी कापडाला बारीक चीर गेली होती. निओप्रीनचा वरचा थर खरवडला होता, पण आरपार गेलं नव्हतं.

"मग निओप्रीनच ना?" मी म्हटलं. "ऊबही देतं, फाटतही नाही."

काकांनी हात घमेल्यातून काढला, ट्यूब सोडली आणि ओला हात तसाच मांडीवर ठेवून बसले.

"निओप्रीन इथं वर जाड हाय, बाय. खाली गेलं की पान्याच्या दाबानं त्यातले बुडबुडे चेपतात. जितकं खोल जाशील तितकं पातळ व्हतं. वरती गोधडी, खालती धोतर." त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "ही बोटं निओप्रीननं नेली. खाली थंडी शिरली, मी म्हटलं काम उरकू, उरकू. वर आलो तवा हातमोजे काढले ते मला समजलंच नाय. दुसऱ्यानं काढले."

"मग तीन पदरी घ्या."

"जॉय व्हता," ते म्हणाले. "केरळचा. माझ्या खोलीतला. त्यानं तेच घातलेलं. तीन पदरी, नवंकोरं, हलकं. मला हसायचा, म्हनायचा, तू म्हशीचं कातडं घालून फिरतोस. फलाटाच्या पायाला शिंपल्यांचे थर असतात, धारदार. मांडीवर चीर गेली. इवलीशी. पानी आत शिरलं, आतले सगळे कपडे भिजले. निओप्रीन फाटलं तरी थोडी ऊब राहते. ह्यात काय राहत नाय. भिजलं की नुसती पिशवी." त्यांनी घमेल्यातल्या बर्फाकडे बघितलं. "वर येताना मधे थांबावं लागतं, रक्तात बुडबुडे होऊ नयेत म्हनून. त्याला थांबता आलं नाय. थंडीनं डोकं चालंना झालं आनि तो सरळ वर आला."

आतून कुकरची शिट्टी झाली. काकांनी ती मोजली नाही.

"एकानं माझी बोटं नेली, दुसऱ्यानं जॉय नेला," ते म्हणाले. "आता तूच सांग, कुठल्यावर बोट ठेवू?"

काकूंनी डाळभात वाढला. जेवण झाल्यावर काका खुर्चीत जाऊन डोळे मिटून पडले. तुकडे दोरीवर तसेच राहिले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी प्रकाश ऑफिसात आला होता. काकाही होते. पाटकरसाहेबांनी पुन्हा विषय काढला. ऑर्डर गेली नाही तर सूट वेळेवर यायचे नाहीत, असं ते अगदी शांतपणे सांगत होते. तेवढ्यात प्रकाश सहज म्हणाला, "काका, तुमी सांगाल ते घालीन की. मला काय कळतंय त्यातलं."

काका चिडलेले मी तेवढे एकदाच बघितले. आवाज चढला नाही, पण ते खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि त्यांचं आपणहून उभं राहणं हीच मोठी गोष्ट होती.

"तसं म्हनू नको. मी सांगेन ते घालशील? आनि मी चुकलो तर? तुज्या पोरींना काय सांगू, काकांनी सांगितलेलं घातलं व्हतं? तू म्हनतोस काका सांगतील, साहेब म्हनतात काका सांगतील. मला झोप येत नाय रं दोन आठवडे. मला! बसल्या जागी झोपनारा मानूस मी."

खाली दुकानात कोणीतरी टायरवर घण मारत होतं. मग पाटकरसाहेबांनी टेबलावरचे कॅटलॉग पुढे ओढले आणि म्हणाले, "काका, बसा. आपण तिघं मिळून ठरवू. तुमच्या एकट्यावर टाकलं ही माझी चूक झाली."

त्या दुपारी तिघं चार तास बसले. पाटकरसाहेबांनी एक तिसरं कापड दाखवलं. तेही निओप्रीनच, पण कारखान्यातच प्रचंड दाबाखाली चेपून काढलेलं. त्यातले बुडबुडे आधीच दाबलेले, त्यामुळे खोल गेल्यावर ते आणखी फारसं पातळ होत नाही. साध्या निओप्रीनइतकं ऊबदार नाही, आत कपडे लागतातच, पण फाटून भिजलं तरी थोडी ऊब धरतं, आणि लोखंडावर घासलं तरी दाद देत नाही. तोटा हा की जड, ताठ आणि वाळायला महामुश्कील.

"हे मला म्हाईत हाय," काका म्हणाले. "पन घातलं नाय कधी."

"म्हणून नको म्हणताय?" साहेबांनी विचारलं.

काका जरा हसले. "नाय. म्हनून हो म्हनतोय. ह्यात माझ्या वळखीचा अजून कोन मेला नाय."

प्रकाशला त्यांनी हे सगळं विचारायला लावलं. किती जड, चढायला किती त्रास, गुडघा वाकतो का, एक ओला असला तर दुसऱ्या दिवशी काय घालायचं. प्रकाश आधी लाजत लाजत, मग नेटानं विचारू लागला. शेवटी ठरलं, तेच कापड घ्यायचं, प्रत्येकाला दोन-दोन सूट, आणि तिथं एक खोली हीटर लावून फक्त वाळवणीसाठी ठेवायची. काकांनी तो नमुन्याचा तुकडा उचलून गालाला लावला. "खरबरीत हाय," म्हणाले. "राहू दे."

सूट आले. भिलवल्याच्या धरणात प्रकाशनं ते घालून सराव केला. काठावर चालताना तो भिंत ढकलत असल्यासारखा चालायचा आणि पाण्यात उतरला की सुटायचा. काका काठावर बसून बघायचे. चार वेळा, पाच वेळा. त्यांना काही चूक सापडली नाही. मग सगळे वर डोंगरात गेले.

पुढचं मला प्रकाशनंच सांगितलं, परत आल्यावर, तेही तुकड्यातुकड्यांत.

काम बरं चाललं होतं. कापडानं कुठे दगा दिला नाही. जाळीच्या तुटक्या सळ्या त्याच्या मांडीला, खांद्याला घासत होत्या, पण चीर गेली नाही. शेवटच्या काही दिवसांत एका सळीचा मोठा नट घट्ट बसला होता. प्रकाशनं दोन्ही हातांनी पाना धरला आणि सगळा जोर लावला. जोर लावला की त्याच्या मनगटाच्या शिरा ताणून वर यायच्या. तो बारीक, काटक अंगाचा. शिरांच्या मधे खाच पडायची आणि रबरी कफाखालून त्या खाचेतून पाणी आत शिरायचं. नळाच्या धारेसारखं नाही, दर झटक्याला थोडं थोडं. सरावात त्यानं एवढा जोर कधी लावलाच नव्हता, म्हणून कळलं नव्हतं. कोपरापर्यंत ओलं झालं, मग दंडापर्यंत, मग छातीवर.

"आधी वाटलं घाम," प्रकाश म्हणाला. "मग वाटलं, कोनी सुया टोचतोय."

त्यानं फोनवर सांगितलं. काका वर होते. ते लगेच म्हणाले, "पाना सोड. वर ये." पण एवढ्या खोलीवरून एकदम वर येता येत नव्हतं. मधे ठरलेल्या जागी दोरीला धरून थांबायचं होतं. हलायचं काम नाही, म्हणजे अंगात उष्णता निर्माण व्हायची सोय नाही. एक बाही, अर्धी छाती बर्फाच्या पाण्यानं भिजलेली. कापडानं जेवढी ऊब धरली तेवढ्यावर निभवायचं.

आणि ओव्हाळकाका, जे दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसत, ते फोनवर बोलू लागले. न थांबता. लोधिवलीत लहानपणी नदीत गाय पोहायला घातली ती कशी पलीकडच्या गावात गेली. शोभाकाकूंना बघायला गेले तेव्हा त्या कशा मिरच्या कांडत होत्या आणि ठसक्यानं काकांच्याच डोळ्यांत पाणी आलं, तर काकूंच्या बापाला वाटलं, नवरामुलगा रडतोय. मधेच विचारायचे, "तुज्या धाकलीचं नाव काय रं?" प्रकाश सांगायचा. पुन्हा थोड्या वेळानं तेच विचारायचे. प्रकाश पुन्हा सांगायचा. "मला पहिल्यांदा वाटलं, काका इसरले. मग कळलं, माझं डोकं चालतंय का ते बघतायत."

तो वर आला तेव्हा दात वाजत होते, पण शुद्ध पूर्ण होती. चौघांनी उचलून कठड्यावर घेतलं, सूट काढला. काकांनी त्याचा उजवा हात धरला आणि आपल्या बोटांना काही कळेना म्हणून तो हात उचलून आपल्या गालाला लावला. तसेच धरून बसले. सगळ्या साइटसमोर. "कळतंय का? माझी दाढी टोचते का?" विचारत होते. प्रकाश म्हणाला, "टोचते काका." मग त्यांनी हात सोडला आणि तिथंच काँक्रीटवर बसले. त्यांना उठवून खोलीवर न्यावं लागलं.

प्रकाशचा हात संध्याकाळपर्यंत ठीक झाला. खाच भरून काढायला कफाखाली मनगटात घालायच्या जाडसर पट्ट्या मागवून घेतल्या, दुसऱ्या पाणबुड्यानं ते काम पूर्ण केलं. धरणाच्या लोकांनी आमच्या कामाची तारीफ केली. पाटकरसाहेब मला म्हणाले, साधं तीन पदरी असतं तर त्या दिवशी पोरगा गेला असता. हे त्यांनी काकांनाही सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं.

परतल्यावर काका ऑफिसात आले. बसायला जागा शोधली, बसले. मी चहा सांगितला. चहा आला, निवला, तरी त्यांनी घेतला नाही.

"एवढे दिवस कापडाचाच इचार करत बसलो, बाय," म्हणाले. "बर्फ आनला, गज आनला, शिट्ट्या मोजल्या. पोराचं मनगट बघितलंच नाय. धा वर्सं तो माझ्यासमोर पाने फिरवतोय."

मी म्हटलं, "काका, ते कोणालाच दिसलं नसतं. आणि कापड चांगलं निवडलं म्हणूनच—"

"व्हय," ते मधेच म्हणाले. "ते पन खरं हाय." ते दोन्ही खरं मानत होते आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याचं ओझं हलकं होत नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, "साहेबांना सांग, आता बास. मी दमलो." इतक्या वर्षांत स्वतःबद्दल तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

निरोपसमारंभ काही झाला नाही. पाटकरसाहेबांना करायचा होता, काका आलेच नाहीत. काकूंचा फोन आला, "झोपलेत. उठवू का?" साहेब म्हणाले, नको.

त्यानंतर मी त्यांना वर्षभरानं बघितलं. श्रावण सरत आला होता. कर्जतच्या बाजूच्या एका धरणावर मुंबईहून सहलीला आलेला एक मुलगा बुडाला होता. आता पोलीस प्रकाशला बोलवत. त्याच्या हवेच्या टाक्या संपत आल्या म्हणून मी भरलेल्या टाक्या घेऊन जीपमधून गेले. दुपार होती, पाऊस थांबला होता आणि ऊन चांगलंच पडलं होतं. बघ्यांची गर्दी कठड्यावर. काठाशी गवतावर एक बाई बसलेली, चाळिशीची, सलवार-कमीज, ओढणी दोन्ही खांद्यांवरून गच्च लपेटून घेतलेली. मुलाची आई. आणि तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, ओल्या गवतावर मांडी घालून ओव्हाळकाका.

त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी टाक्या उतरवून घेत होते तेव्हा हवालदारानं सांगितलं, हल्ली कुठे काही झालं की ते आपणहून येतात. पाण्याजवळ जात नाहीत. घरच्या माणसांपाशी बसतात. मी जवळ गेले, म्हटलं, "काका." त्यांनी मान वर केली, ओळख दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "एवढी वर्सं मी खाली असायचो ना. वर ह्या लोकांचं काय व्हतं, ते कधी बघितलंच नव्हतं."

पाण्यावर प्रकाशचे बुडबुडे येत होते, जात होते. ती बाई त्यांच्याकडेच बघत होती. तिनं आमच्याकडे न बघता विचारलं, "दादा, खाली खूप थंड असतं का हो?"

मी काकांकडे बघितलं. त्या धरणाच्या तळाशी ते कितीदा गेले होते, मला माहीत होतं. तिथं काय असतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

"नाय गं," ते म्हणाले. "ऊन हाय ना. कोमट हाय पानी."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं तिनं खांद्यावरची ओढणी जराशी सैल केली. मला रिकाम्या टाक्या घेऊन निघायचं होतं. जीप वळली तेव्हा मी मागे बघितलं, दोघं तसेच बसलेले होते, आणि काका जागे होते.